शाळा बंद असलेल्या दिवशीचा तास

माझी सून इंग्रजी शिकवते. पाचवीला. मी पाण्याचे पाइप जोडायचो. आता निवृत्त झालो. कुणी बोलावलं तर जातो. तिच्या कामाचा आणि माझ्या कामाचा कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. आला, आणि असा आला की त्याचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही. जेवढा झाला तेवढा लिहितो.

आधी तिच्याबद्दल. ती घरात आली तेव्हा ही, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, "पोरगी बारीक आहे, पण आवाज खणखणीत आहे." तो आवाज शाळेतला. घरात ती हळू बोलते. माझा मुलगा मालाची गाडी चालवतो. घरी कमी, रस्त्यावर जास्त. म्हणून घरात बहुतेक वेळ आम्ही तिघंच. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसते. मी समोर बसून चहा पितो आणि बघतो. ती एकेक ओळ वाचते, मगच खूण करते. ढीग कितीही मोठा असो, न वाचता केलेली खूण मी पाहिलेली नाही. माझ्या दृष्टीने माणूस कळायला तेवढं पुरतं.

तिला एक रुखरुख होती. पाचवीत ती मुलांना इंग्रजी बोलायला लावायची. मुलं दुकानात भेटली की लांबूनच हात करून तिच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलायची, दुकानदारही हसायचा. तीच मुलं नववीत गेली की गप्प. वरच्या वर्गात फक्त फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि पाठ करायचं. मग रस्त्यात ती समोर दिसली की मुलं चपलांकडे बघत निघून जायची. "माझ्याकडून गेली तेव्हा बोलत होती हो, बाबा," ती म्हणायची. असं म्हणताना तिचा आवाज अगदीच खाली जायचा.

नववीचे जुने सर निवृत्त होणार होते. त्यांची जागा दोघांपैकी एकाला मिळणार होती. एक आमची सून. दुसरे शाळेतले टाय सर. हे गृहस्थ उन्हाळ्यातही टाय लावतात, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. हेडसरांनी दोघांना सांगितलं की इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक अभ्यासक्रम आलाय, तो नीट पूर्ण करा, मग नववीचं बघू. त्या अभ्यासक्रमात ब्लॉग लिहायचा होता.

"ब्लॉग म्हणजे काय?" मी विचारलं.

"वर्गात काय शिकवलं, कसं झालं, ते इंटरनेटवर लिहायचं. इंग्रजीत. बाकीच्या शाळांतले शिक्षक वाचतात, खाली आपलं मत लिहितात. त्यातून शिकायचं."

"कोणी शिकायचं?"

"आम्ही. शिक्षकांनी."

"मग शिकवणार कोण?"

"तसं कोणीच नाही. एकमेकांकडूनच शिकायचं. एक मार्गदर्शक मॅडम आहेत, पण त्या नुसतं वाचतात."

ही म्हणाली, "म्हणजे दारात बसून गप्पा मारल्यासारखंच की."

"तसंच समजा, आई. फक्त दार जगाला उघडं."

"जगाला पाचवीचं काय करायचंय?" मी म्हणालो.

ती हसली. "मलाही तेच कळत नाहीये, बाबा."

तिघांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. तरी काम सुरू झालं. कामाचं असंच असतं.

ती ब्लॉग सकाळी लिहायची. पहिला चहा उकळायच्या आत, टेबलाशी उभी राहूनच. लिहून झालं की फोनवर वेळ लावून ठेवायची, म्हणजे शाळा सुटायच्या सुमाराला तो आपोआप चढायचा. वर्ग व्हायच्या आधी वर्गाबद्दल कसं लिहिता येतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. वाटलं, त्यांच्यात तशीच पद्धत असेल.

मला इंग्रजी येत नाही, हिलाही नाही. पण सुनेने हिच्या फोनवर एक सोय करून दिली. बटण दाबलं की फोन इंग्रजीचं मराठी करतो आणि मोठ्याने वाचतो. आत एक बाई बोलते. मराठी बोलते खरी, पण हे मराठी तिला कुणी शिकवलं देव जाणे. "आजचा तास उत्साहाने भरलेला होता. प्रत्येक मूल बोलण्यासाठी पुढे आले. माझे हृदय समाधानी झाले."

"आपल्या सुनेचं हृदय घरी आल्यावर फार समाधानी दिसत नाही," ही म्हणायची. "पाय चेपत बसते बिचारी."

खाली बाकीच्या शिक्षकांची मतं असायची. 'खूप छान मॅडम.' 'अतिशय सुंदर.' 'प्रेरणादायी.' रोज तीच माणसं, रोज तेच शब्द. टाय सर रोज लिहायचे, 'अप्रतिम. असेच लिहीत राहा.' मला ते खटकायचं. जोड बघितल्याशिवाय पक्का कसा म्हणायचा? पण सुनेलाही टाय सरांच्या ब्लॉगखाली 'खूप छान' लिहावं लागायचं. मतं दिली नाहीत तर गुण कापतात म्हणे. वह्या ओळ न् ओळ वाचणारी बाई टाय सरांना डाळ ढवळता ढवळता 'खूप छान' लिहून मोकळी व्हायची. हेही मला कळायचं नाही.

एका सकाळी शाळेचा शिपाई धापा टाकत आमच्या दारात आला. "काका, चला. शाळेत पूर आलाय."

शिक्षकांच्या खोलीमागचा मोठा पाइप फुटला होता. सून नुकतीच शाळेत पोचली होती. मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो तोवर मुलांना फाटकावरूनच घरी पाठवलं होतं. पाचवीच्या वर्गात घोट्याएवढं पाणी. एक खडूचा खोका तरंगत होता. सून पदर खोचून पुस्तकं उंच कपाटावर चढवत होती. टाय सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि टाय खांद्यावरून मागे टाकला होता. तो मात्र काढला नव्हता.

"सर, टाय भिजेल," मी म्हणालो.

"काका, तुम्ही पाणी थांबवा. टायचं मी बघतो."

आधी बाहेरची चावी, म्हणजे पाण्याचा कॉक, बंद केली. ती गंजलेली, हातोडीशिवाय हलेना. मग कुजलेला तुकडा कापला आणि नवा बसवला. टाय सर आणि शिपाई बाक बाहेर काढत होते. माझं झाल्यावर मीही एक बाजू धरली. सगळ्यांनी चांगलं काम केलं. दुपार कलल्यावर मी आणि सून एकत्रच घरी आलो. तिचे केस ओले, साडी चिखलाने माखलेली. ती आंघोळीला गेली आणि मी खुर्चीत टेकलो. हिने चहा ठेवला आणि सवयीने फोनचं बटण दाबलं.

"आजचा तास उत्साहाने भरलेला होता," फोनमधली बाई म्हणाली.

हिने माझ्याकडे बघितलं. "आज? आज पाण्याने भरलेला होता ना?"

"कालचं असेल."

"'आज' म्हणतेय ती."

फोनमधली बाई थांबायला तयार नव्हती. आज पाचवीच्या मुलांनी जोड्या करून एकमेकांना घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता इंग्रजीत सांगितला. प्रत्येक मूल बोलले. मागील बाकावरील मुलेसुद्धा आत्मविश्वासाने चमकली. मी ऐकत होतो. तेच मागचे बाक मी थोड्या वेळापूर्वी उचलून अंगणात ठेवले होते. खाली मतं आलेली होती. 'खूप छान मॅडम.' आणि टाय सर: 'अप्रतिम. असेच लिहीत राहा.'

"हा माणूस आत्ता माझ्याबरोबर बाक वाहत होता," मी म्हणालो. डोकं चक्रावलं. क्षणभर असं वाटलं की आणखी एक शाळा कुठेतरी आहे, कोरडी, आणि हे सगळे तिथेही जातात.

सून टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने बाहेर आली. तिने फोनचा आवाज ऐकला आणि जागीच थांबली.

"अरे देवा. सकाळी वेळ लावून ठेवली होती."

"तू हे सकाळी लिहिलंस?"

"रोज सकाळीच लिहिते ना, बाबा."

"पण वर्ग तर झालाच नाही."

"आज झाला नाही."

"आणि बाकीचे दिवस?"

ती काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. मार्गदर्शक मॅडम. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो मॅडम… नाही मॅडम… हो, बंद होती… पाणी, मॅडम, पाण्यामुळे…" मग बराच वेळ नुसतं ऐकणं. त्या मॅडम नेमक्या त्याच दिवशी शाळा बघायला येणार होत्या. शिपायाने त्यांना फोनवर सांगितलं होतं, शाळा बंद आहे, येऊ नका. मग त्यांनी ब्लॉग उघडला, तर शाळा जोरात चालू.

फोन ठेवून ती टेबलाशी बसली. "त्या म्हणतात, ब्लॉग म्हणजे टाचण नव्हे."

टाचण काय असतं ते मला तिने त्या दिवशी सांगितलं. उद्या काय शिकवायचं, काय विचारायचं, मुलं काय उत्तर देतील, तासाच्या शेवटी त्यांना काय आलेलं असेल, हे सगळं शिक्षकाने आधी लिहून ठेवायचं आणि हेडसरांची सही घ्यायची. नोकरीला लागल्यापासून ती ते करत आलेली. वर्गाबद्दल लिहा म्हटलं की तिचा हात आपोआप उद्याचं लिहायचा. सगळ्या शिक्षकांचा तसाच. ब्लॉगही त्यांनी तसाच लिहिला, फक्त झाल्यासारखा.

"म्हणजे खोटं," मी म्हणालो.

"खोटं कसं, बाबा? टाचणात लिहिते तेव्हा कुणी खोटं म्हणत नाही. सही करतात." मग स्वतःच म्हणाली, "खोटंच का? मला खरंच कळत नाहीये."

मलाही कळेना. तिच्या बोलण्यात चूक कुठे होती ते सापडेना, आणि ते पटतही नव्हतं.

मॅडमनी दोन वाटा ठेवल्या होत्या. सगळा ब्लॉग पुसायचा आणि अभ्यासक्रम सोडायचा. नाहीतर लिहिलेल्या प्रत्येक तासाखाली, त्या दिवशी खरोखर काय झालं ते लिहायचं. पहिली वाट धरली तर नववी गेली. तिने दुसरी धरली.

मग रोज शाळेतून आली की ती वह्यांच्या आधी ते घेऊन बसायची. मला वाटलं होतं, भराभर होईल. होईना. ती एक तास उघडायची, वाचायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

"काय झालं?"

"आठवत नाही, बाबा. काय लिहिलं ते आठवतं. काय झालं ते आठवत नाही."

हे म्हणताना ती जशी दिसली तशी मी तिला पाण्यातही पाहिली नव्हती. टाचण तोंडपाठ आणि वर्ग कोरा. शेवटी तिने तेच लिहिलं. पुष्कळ तासांखाली तेवढंच आहे: 'मला आठवत नाही.' फोनमधली बाई ते एकामागून एक वाचत गेली तेव्हा हिने मध्येच बटण दाबून तिला गप्प केलं.

काही आठवलं तेही लिहिलं. एका तासाखाली असं होतं: मुलांना जोड्यांनी बोलायला सांगितलं, पण अर्धा वेळ जोड्या लावण्यातच गेला. दुसऱ्याखाली: सगळे ओरडले, म्हणून मला वाटलं सगळे बोलले. रस्ता सांगायचा तो तास तिने शाळा सुरू झाल्यावर खरोखर घेतला आणि त्याच्याखालीही लिहिलं: मागच्या बाकावरची एक मुलगी काहीच बोलली नाही. तिने खडूने बाकावर रस्ता काढला, तिच्या घरापासून शाळेपर्यंत, वळणांसकट. मी तिला तो पुसायला लावला. का लावला ते सांगता येत नाही.

आधी मतं येणं बंद झालं. 'खूप छान' म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. टाय सरांनी शाळेत तिला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "मॅडम, सगळं ठीक आहे ना घरी?" मग कुठल्याशा लांबच्या शाळेतल्या एका बाईंनी लिहिलं, 'माझ्याकडेही जोड्या लागत नाहीत. तुम्ही काय करता?' सून ते कितीदा तरी वाचत होती. "काय करते मी?" तिने मलाच विचारलं.

मॅडमनी तिला पास केलं.

आम्हाला वाटलं, झालं, नववी आली. हिने शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलं. त्याच सुमाराला शाळेची ती गंजलेली चावी बदलायला मी पुन्हा गेलो, तर हेडसरांनी मला खोलीत बोलावलं.

"काका, बसा."

"कपडे ओले आहेत, सर."

"मग उभे राहा. तुमच्या सूनबाईंना जरा समजवा. एक पालक आले होते. म्हणाले, मॅडम स्वतःच लिहितात की मुलांना आलं नाही, मग शिकवतात काय? मी काय उत्तर देऊ? आधी किती सुंदर लिहीत होत्या! ते वरचं राहू दे, खालचं तेवढं काढा म्हणावं. नववी त्यांची. नाहीतर टाय सर आहेतच."

"पण सर, त्या मॅडमनी तर खालचं वाचूनच पास केलं."

"तेच मला कळत नाही. तास नीट झाला नाही असं लिहिलं म्हणून पास!"

"मलाही कळत नाही," मी म्हणालो. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

घरी येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. ही लगेच म्हणाली, "काढून टाक गं. कोण बघतंय!"

"सगळे बघतायत, आई. तीच तर भानगड आहे."

"नववी हवी ना तुला?" मी विचारलं.

"हवीच आहे."

"मग?"

"खालचं काढलं की वर काय उरतं? प्रत्येक मूल बोललं. ती मुलगी बोलली नव्हती, बाबा. तिची आई वाचते ते. तुमच्यासारखंच, फोनकडून वाचून घेते. परवा फाटकावर भेटली, म्हणाली, रस्ता पुसायला लावल्याचं पोरीने घरी सांगितलंच नव्हतं. रागावली नाही. पुन्हा काढू द्याल का, एवढंच विचारलं." ती टेबलावर बोटाने रेघ ओढत होती. "तुम्ही काय केलं असतं?"

मी विचार करून तोंड उघडलं, तर ही म्हणाली, "आता पाइपांचा विषय काढू नका."

पाइपच काढणार होतो.

दुसऱ्या दिवशी तिने हेडसरांना सांगितलं की खालचं राहील. हेडसर चिडले नाहीत. "बघा, मॅडम," एवढंच म्हणाले. नववी टाय सरांना गेली.

ती घरी आली, चपला काढल्या, वह्या घेऊन बसली. रडली नाही. एका वहीवर तिने न वाचता खूण केली. मी बघितलं. तिचा हात थांबला. तिने ती खूण खोडली आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. हिने शेजारणीकडे जाऊन सांगितलेलं परत घेतलं. ते हिला जास्त जड गेलं असावं, कारण परत आल्यावर भांडी फार वाजत होती.

तिने बरोबर केलं का? मला ठरवता येत नाही. जी मुलं नववीत गप्प होतात ती याही वर्षी गप्प होणार, आणि त्यांच्यासाठीच तर तिला तिकडे जायचं होतं. टाय सरांचा ब्लॉगही मी फोनकडून ऐकला. नववीचा तास उत्साहाने भरलेला होता.

सून अजून लिहिते. आता शाळेतून आल्यावर, चहाबरोबर. अभ्यासक्रम संपला, लिहायलाच हवं असं काही नाही. वाचणारे थोडेच आहेत. लांबच्या शाळेतल्या त्या बाई, त्या मुलीची आई आणि आम्ही दोघं.

परवा ती आत पीठ मळत असताना मी फोन हातात घेतला. मत लिहायची जागा हिने दाखवली. मी मराठीत बोललो, फोनने त्याचं इंग्रजी केलं. नाव विचारलं, तिथे 'पाइपवाला' म्हणून सांगितलं. विचारलं एवढंच: त्या मुलीला पुन्हा खडू दिला का?

थोड्या वेळाने आत तिचा फोन वाजला आणि पाठोपाठ आवाज आला. "हा पाइपवाला कोण?"

ही तोंडाला पदर लावून हसायला लागली. सून पिठाच्या हातांनी दारात आली. "बाबा! अहो, मलाच विचारायचं ना. सांगू का?"

"इथे नको. तिथे लिही."

तिने हात धुतले, टेबलाशी बसली आणि लिहिलं. बराच वेळ लिहीत होती, मध्ये खोडतही होती. मग हिने बटण दाबलं.

"होय, दिला," फोनमधली बाई म्हणाली. "तिने फळ्यावर रस्ता काढला. मग इंग्रजीत एक शब्द बोलली. वर्षभरातील पहिला. ती म्हणाली, 'डावीकडे.' परंतु तिने हात उजवीकडे दाखवला."

"मग ते बरोबर झालं की चूक?" हिने विचारलं.

"तेच मला अजून कळलेलं नाही, आई," सून म्हणाली, आणि पुन्हा पिठात हात घातला.

मी पण विचारात पडलो. त्या मुलीचं घर शाळेच्या कुठल्या अंगाला आहे, ते आधी जाऊन बघायला हवं.